काम चाळीस टक्के, पैसे अडुसष्ट: मंगळवार पेठेतल्या एका वरच्या मजल्याचं प्रकरण

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत, खासबाग मैदानापासून चालत पाच-सात मिनिटांवर, सहा फुटी बोळात माझ्या थोरल्या बहिणीचं घर आहे. २००९ मध्ये बांधलेलं. तळमजला, वर गच्ची, आणि गच्चीवर पुढच्या मजल्यासाठी कॉलमच्या सळया वर सोडलेल्या. गंजू नयेत म्हणून त्यांवर कच्च्या काँक्रीटच्या टोप्या. पेठेतल्या कितीतरी घरांवर असल्या टोप्या दिसतात. मुलाचं लग्न ठरलं की त्या फुटतात. भाच्याचं लग्न मे २०२४ चं ठरलं आणि अक्काच्या घरच्याही फुटल्या.

ठेकेदारानं बुडवल्याच्या गोष्टी कुठल्याही कट्ट्यावर ऐकायला मिळतील. हे प्रकरण लिहावंसं वाटलं ते यात कुणी बुडवलेलं नाही म्हणून. मिस्त्री कामाला चांगला, दाजी व्यवहाराला सरळ, आणि मी स्वतः सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला उपअभियंता. तिघं शहाणे असूनही मार्चमध्ये काम बंद पडलं आणि एप्रिलमध्ये गोष्ट पोलीस चौकीच्या पायरीपर्यंत गेली. दाजींना आणि मिस्त्रीला विचारूनच लिहितोय. नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

ठरलं काय होतं

दाजी निवृत्त शिक्षक. त्यामुळं करार झाला तो आखीव फुलस्केप कागदावर, वळणदार अक्षरात, पाच ओळींत: वरचा मजला ८८० फूट. दर १,७०० रु. सगळं धरून. अॅडव्हान्स ३ लाख. मार्चअखेर पूर्ण. खाली दोघांच्या सह्या. हिशेबानं १४,९६,००० रुपये; तोंडी सगळे ‘पंधरा’ म्हणायचे. नकाशा, महापालिकेची परवानगी, कामगार उपकराचा एक टक्का ही कामं आर्किटेक्टनं वेळेत केली, त्यात काही अडलं नाही.

अडलं ते ‘सगळं धरून’ या दोन शब्दांत. दाजींच्या मनात त्यात नळापासून रंगापर्यंत सगळं होतं आणि जिन्यावरची केबिनसुद्धा होती. मिस्त्रीच्या मनात ‘सगळं’ म्हणजे त्या ८८० फुटांतलं सगळं. केबिन ९६ फुटांची, नकाशात वेगळी दाखवलेली, ८८० मध्ये न धरलेली. दोघंही आपापल्या जागी खरे. फरशी कितीच्या भावाची, दरवाजे कसले, बाथरूमला टाइल किती उंचीपर्यंत, यातलं एक अक्षर कागदावर नव्हतं. आमच्या खात्यात साधी संरक्षक भिंत बांधायची तरी बाबवार अंदाजपत्रक लागतं. घरचं काम म्हटलं की मात्र आपण सगळेच जण विश्वासावर चालतो, मीसुद्धा.

पक्कं बिल नको, हेही दोघांच्या सोयीचं होतं. मटेरियलसह बांधकामाच्या ठेक्यावर १८ टक्के जीएसटी. सेवेला वर्षाला २० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, पण अशी दोन घरं घेतली की मिस्त्री त्या रेषेपलीकडे गेला. पंधरा लाखांवर पावणेतीन लाखांच्या आसपास कर ऐकून दाजींनीही मान फिरवली. बिल गेलं आणि त्याच्याबरोबर कागद गेला. पुढं जे काही सिद्ध करायचं होतं त्याला पुरावा उरला तो भिंतीवरच्या कॅलेंडरचा.

मिस्त्री प्रयाग चिखलीकडचा. ज्यांना कोल्हापूर ठाऊक आहे त्यांना हे गाव म्हटलं की पूर आठवतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. मिस्त्रीच्या सेंट्रिंगच्या, म्हणजे स्लॅब ओतताना खाली आधाराला लावायच्या, प्लेटा आणि फळ्या गोठ्याशेजारी रचलेल्या होत्या. निम्म्या वाहून गेल्या, उरलेल्या वाकल्या. तेव्हापासून तो प्लेटा भाड्यानं आणतो. हे मला कळलं एप्रिलमध्ये, भांडणाच्या वेळी. ठेका देताना मी आता हा प्रश्न पहिला विचारतो: सेंट्रिंग स्वतःचं की भाड्याचं? मिक्सर कुणाचा? ज्याचं सामान स्वतःचं त्याच्याकडं थोडंतरी भांडवल असतं. ज्याचं सगळं भाड्याचं, तो माणूस चांगला असला तरी दर आठवड्याला तुमच्या खिशावर चालतो.

शनिवारचे तीस हजार

२० नोव्हेंबर २०२३ ला, दिवाळी झाल्यावर, टोप्या फुटल्या. तीन लाख आधीच पोचले होते. मग दर शनिवारी संध्याकाळी मिस्त्री दारात चपला काढून आत यायचा. अक्का चहा टाकायची. कप निम्मा झाला की म्हणायचा, “सर, पोरांचा पगार.” दाजी आतल्या खोलीत जायचे आणि तीस हजार आणून द्यायचे. कधी पंचवीस, कधी पस्तीस, सरासरी तीस. काम किती झालं आणि मागितले किती, याचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. माणूस दारात उभा, त्याची पोरं कामावर, त्यांना बाजार करायचाय. शिक्षकाला नाही म्हणवत नाही. निवृत्तीचे पैसे बँकेत आहेत हे पेठेत सगळ्यांना माहीत होतं, मिस्त्रीलाही.

दाजी नोंद करायचे ती कॅलेंडरवर, त्या तारखेच्या चौकटीत. वर दुधाचे लिटर, खाली गॅस सिलिंडर, मध्ये ‘मि. ३०’. नोंद अगदी चोख. फक्त १ जानेवारीला कॅलेंडर बदललं.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात स्लॅब पडला. बोळात मिक्सर शिरेना, म्हणून तो तोंडाशी रस्त्यावर लावला आणि तिथून घमेल्यांची साखळी. मी सकाळी सातला हजर. सळईखाली कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई फळीपासून वर राहावी म्हणून ठेवायचे ठोकळे, आहेत का ते वाकून पाहिलं. दोन ठिकाणी नव्हते, बसवून घेतले. मिक्सरमध्ये पाणी जास्त ओतणाऱ्या पोरावर दोनदा ओरडलो. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्यात स्लॅबचे टेकू निदान सात दिवस आणि सहा मीटरपर्यंतच्या बीमचे निदान चौदा दिवस ठेवा, असं काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६ सांगतं. मिस्त्रीला भाडं वाचवायला दहाव्या दिवशी सगळंच काढायचं होतं. बीमखालचे टेकू चौदा दिवस राहतील असं कबूल करून घेतलं. स्लॅबवर आळी करून पाणी साठवायचं काम भाच्यावर टाकलं. दुपारी रिवाजाप्रमाणे पोरांना जेवण: मटण, तांबडा, पांढरा. मीही जेवलो, पानाला चुना लावत मिस्त्रीचं कौतुक केलं आणि घरी आलो.

एवढं सगळं तपासलं, पण आजवर पैसे किती दिले, हे काही मी विचारलं नाही.

दिले होते असे. अॅडव्हान्स ३,००,०००. नऊ शनिवारचे २,७०,०००. स्लॅबच्या नावानं एकरकमी ४,५०,०००. एकूण १०,२०,०००, म्हणजे ठेक्याच्या अडुसष्ट टक्के. आणि स्लॅबपर्यंतचं काम? कॉलम, बीम, स्लॅब मिळून वरच्या मजल्याच्या एकूण खर्चाचा सुमारे चाळीस टक्के भाग. मे महिन्यात जे काय भोगलं ते याच दिवशी ठरून गेलं होतं. मटणाचा वास येत होता म्हणून कळलं नाही, एवढंच.

‘गुलाल उतरला की येतो’

२३ मार्चचा शनिवार हा पगाराचा अठरावा आणि शेवटचा. दुसऱ्या दिवशी होळी. सोमवारी कुणी आलं नाही. फोन केला तर, “सर, रंगपंचमी झाली की येतो.” रंगपंचमी झाली. “पाडवा होऊ दे.” पाडवा ९ एप्रिलला झाला. मग जोतिबाची यात्रा. “गुलाल उतरला की येतो बघा, पोरं सगळी डोंगरावर हैत.” यात्रेला पोरं जातात हे खरं आहे, कोल्हापुरात चैत्री पौर्णिमेच्या आसपास कुठलंच काम पुरं वेगात नसतं. पण सणामागून सण सांगितला जायला लागला की काम थांबायचं खरं कारण वेगळं असतं, हे इतक्या वर्षांच्या नोकरीत मला कळायला हवं होतं.

एकूण दिलेले तोवर १२,९०,००० झाले होते. वर भिंती होत्या, आतला गिलावा होता, चौकटी उभ्या होत्या. फरशी नाही, बाहेरचा गिलावा नाही, वायरी नाहीत, नळ नाही. लग्नाला महिना.

दाजींचा पारा चढला तो तेव्हा. “पावणं, मी ह्याच्यावर फसवणुकीची केस घालतो.” चौकीत हवालदारानं शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की काम केलंय, अर्धं राहिलंय, म्हणजे हा दिवाणी मामला. त्याचं काही चुकलं नव्हतं. सुरुवातीपासूनच लुबाडायचा इरादा होता हे दाखवता आल्याशिवाय फसवणूक होत नाही, आणि अर्ध्याहून जास्त मजला उभा करणारा माणूस तो इरादा दाखवत नाही. ओळखीच्या वकिलांनी ग्राहक आयोगाचा रस्ता सांगितला. घर बांधून देणं ही सेवा आहे, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, ५० लाखांपर्यंतच्या मोबदल्याचं प्रकरण जिल्हा आयोगाकडं चालतं आणि फी काही शंभर रुपयांत. रस्ता चांगला होता. पण वकिलांचा पुढचा प्रश्न होता, “कागद काय आहे?” दाजींनी फुलस्केप पुढं केला. वकिलांनी तो उलटून पाहिला, मागं काही आहे का म्हणून.

मी दाजींना म्हटलं, केस घालायची तर घाला, पण आधी मापं घेऊ. केस घातली तरी कुणीतरी मापं घेणारच आहे. आमच्या खात्यात म्हण होती, एमबीत नोंद नाही ते काम झालंच नाही. मोजमाप पुस्तकात लांबी, रुंदी, खोली, तारीख आणि सही असल्याशिवाय ठेकेदाराला दमडी मिळत नाही. त्या पुस्तकामुळं मी नोकरीभर शिव्या खाल्ल्या, पण भांडणं मिटवली ती त्याच पुस्तकानं.

मापं

२८ एप्रिल, रविवार. मिस्त्रीला मी फोन केला तेव्हा पैशाचं किंवा केसचं काही बोललो नाही. “टेप धरायला ये” एवढंच सांगितलं. तो आला. खाली मान घालून आला, पण आला. टेपचं एक टोक त्याच्या हातात, दुसरं भाच्याच्या, वही माझ्याकडं. दाजी खुर्ची टाकून जिन्याच्या तोंडाशी.

पहिला तास भांडणातच गेला. गिलाव्याचं माप चाललं होतं, दाजी म्हणाले खिडक्या वजा करा. मी सांगितलं, अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचा झरोका वजा करायचाच नसतो, आणि नेहमीच्या आकाराच्या खिडकीची एकाच बाजूची वजावट होते, दुसरी बाजू कडा-कोपऱ्याच्या मेहनतीत जाते. मिस्त्री पहिल्यांदा वर बघून बोलला, “हे कुणी सांगत न्हाई मालकास्नी.” मग मी बोटांच्या पेरांनी भिंती वाजवत गेलो. चांगला गिलावा टणटणीत वाजतो, सुटलेला बद्द. सगळ्या मजल्यात एकच जागा बद्द निघाली, बाथरूमच्या भिंतीत, तीन फूट बाय दोन. मिस्त्रीनं स्वतः खडूनं चौकोन आखला.

मला खरं बघायचं होतं ते सिमेंट. स्लॅब आणि बीम मिळून साडेचौदा घनमीटर काँक्रीट भरत होतं. एकास दीड, तीन (सिमेंट, वाळू, खडी) या मिश्रणाला घनमीटरमागं आठ पोती लागतात, म्हणजे ११६. दुकानाच्या चलनावर त्या दिवसाची ११२. चार पोत्यांचा फरक घमेल्याच्या मापात सहज जातो. माझ्या डोक्यातला संशय तिथं संपला. या माणसानं मालात हात मारलेला नव्हता. मग पैसे गेले कुठं?

ते दुपारी चहाला कळलं. “साहेब, पैसं खाल्लं न्हाईत. फिरल्यात.” दुसऱ्या एका साइटवर मालकानं गिलाव्याच्या आधी पैसे थांबवलेले. तिथला गिलावा केला की मालक बिल देणार, म्हणून दाजींच्या स्लॅबचे पैसे तिकडं गेले. गिलावा झाला, मालकानं दिले निम्मे. मधल्या काळात हार्डवेअरच्या दुकानाची उधारी एक लाख साठ हजारांवर गेली आणि दुकानदारानं माल बंद केला. काम थांबायचं कारण हे, होळीही नव्हे आणि जोतिबाही नव्हे. आधीच्या साइटचं भोक पुढच्या साइटच्या अॅडव्हान्सनं बुजवायचं, छोट्या ठेक्याचा सगळा धंदा असाच चालतो. एक मालक अडला की साखळीतल्या सगळ्यांची कामं अडतात. दाजींनी बिनव्याजी कर्ज दिलं होतं, फक्त ते कर्ज आहे हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

आता हिशेब. खर्चाची वाटणी मी अशी धरली: कॉलम-बीम-स्लॅब ४० टक्के, वीटकाम १२, आतबाहेरचा गिलावा १२, फरशी १२, वीज आणि नळ १०, दारं-खिडक्या ८, रंग ६. प्रत्येक घराला ही वाटणी थोडी हलते, पण भांडायला आधार लागतो. झालेलं काम: पहिल्या दोन बाबी पूर्ण, गिलाव्याचे ७, भिंतीतल्या पाइपांचे ३, चौकटींचे २. एकूण ६४ टक्के, ९,५७,४४० रुपये.

मिस्त्रीचं म्हणणं होतं जादा कामाचे २,३२,७०० धरा: केबिनचे १,६३,२००, बोळामुळं माल वाहून न्यायचे ३८,०००, गच्चीचा जुना कोबा फोडायचे २२,०००, आणि कॉलमला केमिकल लावून सळया रोवल्याचे ९,५००. म्हणजे त्याच्या हिशेबानं दाजींकडून अजून ४,३८,७०० येणं. दाजींच्या हिशेबानं फक्त २,०६,००० देणं. दोघांमध्ये सव्वादोन लाखांहून जास्त अंतर.

बोळाचे ३८ हजार मी साफ नाकारले. बोळ सहा फुटांचा आहे हे दर सांगायला आला तेव्हाच त्याला दिसत होतं. सळयांचे साडेनऊ हजार साफ मान्य केले. टोप्या फोडल्यावर नऊपैकी तीन कॉलमच्या सळया गंजून आखूड निघाल्या, जोडाला निदान दोन फूट लांबी लागते ती मिळेना, म्हणून अठरा सळया नव्यानं रोवाव्या लागल्या. टोपीखाली काय आहे हे कुणालाच दिसत नव्हतं. घर दाजींचं, तेव्हा खर्च दाजींचा. दिसत होतं ते मिस्त्रीच्या दरात, झाकलेलं होतं ते मालकाच्या माथी, हा माझा नियम.

कोब्याला तो नियम लागू करायला गेलो आणि फसलो. कोबा तर सगळ्यांना दिसत होता. पण मिस्त्री म्हणाला, एक थर दिसत होता, फोडल्यावर खाली दुसरा निघाला. दाजी काही बोलेनात. अक्का आतून म्हणाली, “अहो, २०१६ ला गळत होतं तवा वर आणखी एक केला नव्हता का आपण?” दाजींना माहीत होतं, सांगायचं राहिलं. निम्मे धरले, अकरा हजार.

केबिनला १,७०० चा दर लावणं मला पटेना. तिथं फरशी नाही, बाथरूम नाही, रंगही नाममात्र. काँक्रीट, वीटकाम आणि गिलावा एवढ्याचे ६४ टक्के धरले, फुटाला १,०८८. ९६ फुटांचे गोळाबेरीज १,०५,०००. त्यातलं काम झालेलं ८५ हजारांचं, गिलावा बाकी.

नोव्हेंबर-डिसेंबरच्या पैशांवरून मध्येच ठिणगी पडली. मिस्त्री चाळीस हजार कमी सांगत होता आणि २०२३ चं कॅलेंडर सापडत नव्हतं. अर्ध्या तासानं अक्कानं ते फडताळातून काढलं, डब्यांखाली कागद म्हणून अंथरलेलं, डिसेंबरच्या पानावर तेलाचा गोल डाग. डागातूनही ‘मि. ४०’ वाचता येत होतं. मिस्त्रीनं वाकून बघितलं, “व्हय, त्या दिवशी प्लेटांचं भाडं नेलतं,” म्हणाला आणि विषय संपला.

शेवटचा आकडा असा: झालेलं काम १०,६२,९४०. दिलेले १२,९०,०००. मिस्त्रीकडं आगाऊ २,२७,०६०. सुधारित ठेका १६,२१,५००, त्यातले द्यायचे राहिले ३,३१,५००, आणि राहिलेलं काम ५,५८,५६० रुपयांचं. वहीवर तिघांच्या सह्या झाल्या. कुणीच खूश नव्हतं, त्यावरून आकडा बरोबर असावा असं मला वाटलं.

ठेवायचा की काढायचा

दाजींचं मत काढायचा. म्हणून दुसऱ्या ठेकेदाराला बोलावून राहिलेल्या कामाचा भाव घेतला: ७,१०,०००. पाच लाख साठ हजारांच्या कामाला एवढे का, तर दुसऱ्याच्या अर्धवट कामात हात घालायला कुणी स्वस्तात तयार होत नाही. भिंतीतले पाइप कुठून गेलेत माहीत नाही, गळलं तर बोट कुणाकडं दाखवणार, हे सगळं तो दरात घालतो आणि घालावंच. एकूण खर्च वीस लाखांवर गेला असता, आणि मिस्त्रीकडचे सव्वादोन लाख वसूल करायला आयोगाच्या तारखा वेगळ्या.

ठेवायचा, तर त्याच्या हातात रोकड द्यायची नाही, हे मी ठरवलं. फरशी, वायर, नळ, रंग, सगळा माल दाजींनी दुकानातून स्वतः घ्यायचा, पैसे थेट दुकानाला. मिस्त्रीनं फक्त मजुरी लावायची, आणि ती आगाऊ गेलेल्या पैशांतून फेडायची. अडचण एकच: पोरांचा पगार कुठून द्यायचा? त्यानंच उत्तर दिलं. बाहेरचं लेबर नको, तो आणि त्याचे दोघे भाऊ काम करतील. घर चालायला आठवड्याला सहा हजार उसने द्यायचे, ते वहीत वेगळे लिहायचे.

दिवसाला हजार रुपये दंड लिहा, असं दाजी म्हणत होते. मी लिहू दिला नाही. करार कायद्याच्या ७४ व्या कलमाप्रमाणे आकडा लिहिला म्हणून तेवढा मिळतोच असं नाही, त्या मर्यादेत वाजवी भरपाई मिळते. आणि ज्याच्याकडं दुकानाची उधारी फेडायला पैसे नाहीत त्याच्याकडून दंड घेणार कुठून? त्याऐवजी लिहिलं ते कामाचा क्रम आणि तारखा. लग्नाआधी एक खोली आणि संडास-बाथरूम पूर्ण. बाकी नंतर.

ती खोली लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी पूर्ण झाली. पाहुणे खाली जेवत होते आणि वर मिस्त्रीचा धाकटा भाऊ फरशीच्या सांध्यांत पांढरं सिमेंट भरत होता.

आतलं काम जुलैपर्यंत ओढलं. जुलैअखेर पंचगंगेनं धोक्याची पातळी ओलांडली, चिखलीतल्या लोकांना जनावरांसकट हलावं लागलं, मिस्त्री दहा-बारा दिवस तिकडंच. बाहेरचा गिलावा कोल्हापूरच्या पावसात करायचाच नसतो, त्यामुळं परांची बांधली ती गणपती झाल्यावर. दसऱ्याच्या आत काम संपलं, ठरल्यापेक्षा सहा महिने उशिरा.

माल ३,४६,००० चा झाला, धरल्यापेक्षा थोडा जास्त, कारण नव्या सूनबाईंना बाथरूमच्या टाइल वेगळ्या हव्या होत्या. उसने नऊ आठवड्यांचे ५४ हजार गेले, त्यातले वीस परत आले. दाजींचे एकूण गेले १६,७०,०००, सुधारित ठेक्याहून ४८,५०० जास्त. उरलेले चौतीस हजार येतील असं दाजींना वाटतं. मला वाटत नाही.

आता कुणी विचारलं तर मी वरच्या मजल्याला सुरुवातीचे दहा टक्क्यांहून जास्त देऊ देत नाही. स्लॅब पडेपर्यंत एकूण पस्तीस, वीटकामाला सत्तेचाळीस, आतल्या गिलाव्याला पंचावन्न, असं देत जायचं, म्हणजे दिलेले पैसे झालेल्या कामाच्या थोडे मागं राहतात. शेवटचे पाच टक्के एक पावसाळा बघून. ‘पोरांचा पगार’ या नावाखाली काही नाही. पगार हा मिस्त्रीचा प्रश्न, टप्पा हा आपला. आणि हे ऐकून जो ठेकेदार म्हणतो “मग माझं कसं चालायचं?”, त्याच्यावर रागवायचं नाही. त्यानं खरं सांगितलेलं असतं. त्याला माल आपण आणून द्यायचा आणि फक्त मजुरीवर काम द्यायचं.

२०२५ च्या पावसात केबिन आणि गच्ची मिळते त्या कोपऱ्यात ओल आली. दाजींकडं पाच टक्के राखलेले नव्हते, मिस्त्रीला बांधून ठेवेल असा एक रुपया नव्हता. फोन केल्यावर तिसऱ्या दिवशी तो आला, कोपरा फोडला, सांध्याला नवा वाटा (गोलाई देणारा गिलावा) मारला, चहा घेतला आणि गेला.

मागच्या महिन्यात त्याचा मला फोन आला. कुठल्याशा साइटवर मालक पैसे देईना झालाय, “साहेब, टेप घेऊन येताय का?” गेलो. त्यानं पिशवीतून वही काढून माझ्यापुढं ठेवली. पेन्सिलीनं रकाने आखलेले, तारीख, काम, लांबी, रुंदी, दिलेले, घेतलेले. जिन्याची केबिन वेगळ्या ओळीत. तीन आठवडे चोख नोंदी होत्या. पुढची पानं कोरी.